आत्याच्या स्वयंपाकघरात भरलेली सात शाखांची बैठक

तीर्थरूप दादास,

पाठ धरल्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढा वाकून नमस्कार. उरलेला नमस्कार पाठ सुटल्यावर पाठवीन. इकडे आम्ही बरे आहोत. तुझी आणि वहिनींची प्रकृती उत्तम असणार, कारण आजारी माणूस निदान त्या निमित्ताने घरी फोन करतो. (हे टोचून बोलणं नव्हे, शुद्ध अनुमान आहे. धुरावरून अग्नी, तसं मौनावरून आरोग्य.)

एकवीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर कॉलेजने तो विभागच बंद केला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी नेटवर्कचा कोर्स करून या पंपांच्या कंपनीत चिकटलो, हे तुला ठाऊक आहेच. चिकटलो म्हणजे डिंक अजून ओलाच आहे. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे सोमवारच्या बैठकीवर ठरणार होतं. सात गावच्या सात शाखा आणि मोठे साहेब, सगळे पडद्यावर एकत्र आणायचे. काम दिसायला सोपं. कॉल आला की दोन यंत्रं जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांसारखी आधी एकमेकांची चौकशी करतात (येऊ का, या, आपल्याला कोणती भाषा येते, वा, मलाही तीच), आणि मग मधलं मशीन माझी नियमांची यादी वाचून जो नियम आधी लागू पडेल तिकडे कॉल धाडतं. कोणता नियम आधी, ते आकड्याने सांगायचं असतं. आता साहेबांच्या सभागृहाला मी एक हा आकडा कोणत्या तोंडाने देणार? मी शंभर दिले. आणि चाचणीसाठी एक नियम केला होता, की कुठूनही कॉल येवो, तो आत्याच्या टॅबवर जावा (तूच पाठवलेला टॅब; ऑफिसात कोणी माझे कॉल उचलेना, तुझी आई मात्र पहिल्या घंटेला उचलते). त्याला घरचा मामला म्हणून एक. तो नियम काढायचा राहिला. मशीन एकापासून सुरुवात करतं, हे कोर्समध्ये शिकवलं होतं रे. पण एकवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या डोक्यात शंभर म्हणजे पहिला, हे घट्ट बसलेलं.

सोमवारी दहाला साहेब मांडी ठोकून बसले आणि समोर कोरा पडदा. "शाखा कुठे आहेत?" मी म्हटलं, "वाटेत आहेत." खोटं नव्हतं, वाट तेवढी वेगळी होती. सातही जण आत्याच्या ओट्यावर पोचले होते. ती भाजी निवडत बसलेली. एकाशी बोलून झालं की दुसरा, बाकीचे घंटा ऐकत रांगेत. या मुख्य कार्यालयातल्या कोणी नव्या बाई असाव्यात, असा त्या सर्वांचा समज, आणि तिने सगळ्यांना विचारलं ते, जे ती दूधवाल्यालाही विचारते: "चेहरा का उतरलाय?" झालं. तीन वर्षं 'सर्व आलबेल' एवढाच अहवाल देणाऱ्या उत्तरेच्या शाखाप्रमुखाने सांगून टाकलं, की नवा पंप गळतो. पाठोपाठ आणखी दोघांनी तेच.

"मग वर सांगत का नाही?"

"साहेब ओरडतात हो."

"ओरडू देत. मी बघते."

इकडे साहेबांचा संयम संपला आणि त्यांनी स्वतःच रिमोट उचलून उत्तरेला कॉल लावला. तो चुकीचा नियम काढायला मी यादीपर्यंत पोचलोच होतो. भिंतीवर दाराएवढी आत्या उगवली, हातात सुरी.

"ते ओरडणारे तुम्हीच का?"

"आपण कोण?" साहेब उभे राहिले.

"तुमच्या त्या मशीनवाल्याची आत्या. बसा आधी. तुमचा नवा पंप गळतो. तिघं सांगतायत."

साहेब बसले. त्याच दुपारी चारशे पंप रवाना व्हायचे होते, ते थांबले. मग त्यांनी मला विचारलं, हे तुम्ही मुद्दाम केलंत? मी मौन धरलं आणि त्याचा अर्थ दूरदृष्टी असा लावला गेला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुला यांपैकी जे चालेल ते.

तुझा (तूर्त ओला) मामेभाऊ

ता. क. साहेब मला कायम करायला तयार आहेत, पण दर सोमवारी दहा ते साडेदहा त्या बाई हव्यात म्हणतात; शाखावाले त्यांच्याशीच खरं बोलतात. आत्या नाही म्हणते. तू तिला समजाव, एवढ्याचसाठी हे लांबलचक पत्र.

आणखी एक. ती नाही का म्हणते, तेही विचारलं. म्हणाली, "नेमका तेव्हाच दादाचा फोन आला आणि लागला नाही, तर?" मी म्हटलं, आत्या, चार महिन्यांत आलेला नाही. म्हणाली, "म्हणूनच." तेव्हा समजावण्याचं राहू दे. तू तुझ्या फोनचा एक वार ठरव. मला कळवायची गरज नाही, तिला कळव. सोमवारचा तो अर्धा तास सोडून कुठलीही वेळ चालेल.