पानामागची शपथ

१४ मार्च २००६, मंगळवार
वकीलसाहेब उभे राहतायत! सकाळी टपाल फोडता फोडता सांगितलं. "मॅडम, मी पुन्हा एकदा उभा राहतोय." राज्याच्या विधानसभेसाठी. हातातला स्टेपलर खाली ठेवला. पाच वर्षं त्यांच्या ऑफिसात मृत्युपत्रं आणि घरांचे करार टाइप करतेय. आज पहिल्यांदा टाइप करायचं विसरले.
वेन टॉलिव्हर, वकील, वय एकसष्ट. तोंडावर मिस्टर टॉलिव्हर, मनात वकीलसाहेब. इथं यापुढे व.सा., हात दुखतो.
घरी सांगितलं. नवरोबा मोहन जेवता जेवता: "परत? मागच्या वेळी आपटला होता ना?" ईरा, नुकतीच सोळा, सगळ्या विषयांवर मत तयार: "आई, ही इज अगेन्स्ट एव्हरीथिंग."
एव्हरीथिंग नाही. टॅक्सच्या, नव्या कायद्यांच्या, आणि सरकारनं उगाच कुठंही डोकावण्याच्या. मलाही सगळं पटतं असं नाही. पण माणूस...

२० मार्च
पत्रकासाठी व.सा.नी स्वतःबद्दल लिहून दिलं. साडेचार ओळी. कापसाच्या शेतावर वाढलो. दोन वर्षं सैन्यात. दिवसा ट्रॅक्टरदुरुस्ती, संध्याकाळी कायद्याचं कॉलेज. एकतीस वर्षं वकिली. स्कूल बोर्डावर एकदा निवडून आलो, विधानसभेला एकदा पडलो. विधुर.
मी म्हटलं, थोडं वाढवू या. "काय वाढवणार? खरं तेवढंच आहे."
त्यांच्या वडिलांच्या शेतावर आता आमची कॉलनी आहे, ते नाही लिहिलं. मला एकदा सहज म्हणाले होते: तुमचं स्वयंपाकघर आहे ना मॅडम, तिथून पाट जायचा.
एम.ए.ला आम्ही शब्द कमी करायला शिकलो. यांना कुणी शिकवलं?

२३ मार्च
सप्टेंबरात मतदानाची पहिली फेरी. मतपत्रिकेवर नाव यायचं तर आधी मतदारसंघातल्या मतदारांच्या सह्या. हव्यात चारशे. एका कागदावर पंधरा ओळी, मागच्या बाजूला गोळा करणाऱ्याची शपथ. १४ जून, संध्याकाळी पाचपर्यंत राजधानीत, फिनिक्सला पोचलं पाहिजे सगळं.
पहिल्या कागदावर पहिली सही माझी. जानेवारीत इथली नागरिक झाले, मार्चमध्ये ही सही. आडनाव चौकटीबाहेर गेलं.
व.सा.: "छान. राहिल्या तीनशे नव्याण्णव."

१ एप्रिल, शनिवार
मंडळाचा पाडवा, शाळेच्या हॉलमध्ये. श्रीखंड संपलं तरी लोक हटेनात. कागद घेऊनच गेले होते.
पाटणकरकाका, मंडळाचे अध्यक्ष: "काय गं नीला, हत्तीवाल्यांच्यात गेलीस?" हत्ती ही व.सा.च्या पक्षाची निशाणी.
"वकीलसाहेबांसाठी काका."
"तो टोपीवाला? माझं घराचं भांडण त्यानंच मिटवलं. आण इकडे." स्वतःची सही केली. मग काकूंची, मुलाची, सुनेची. "एकदमच करून टाकतो. ती आत पुऱ्या तळतेय, कशाला उठवतेस?" मागच्या टेबलावर तेच. त्याच्या मागे तेच. कुणीतरी म्हणालं, शेजाऱ्यांच्या पण करू का? हसून हसून पुरेवाट.
तासाभरात तीन कागद. पंचेचाळीस! पार्किंगमध्ये बॉनेटवर ठेवून तिन्हींच्या मागे सही ठोकली. घरी येईपर्यंत गाडीत मोठ्यानं गात होते.

१९ मे
व.सा.बरोबर दारोदार. दुपारी चारला रस्ता तव्यासारखा. त्यांची पद्धत: बेल एकदाच. दोन पावलं मागं. टोपी काढायची. एक वाक्य बोलून गप्प उभं राहायचं. गप्प राहणं भयंकर लांबतं, मलाच बोलावंसं वाटतं.
एक दाढीवाला, बनियनवर: "तुम्ही माझ्यासाठी काय करणार?"
"शक्य तितकं कमी."
दाढीवाला एवढा हसला की आतून बायको बघायला आली. दोघांनी सही केली. एकेकानं, आपापली. (तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. हे कंसातलं आज, १२ जूनला घातलं.)

६ जून
चारशे एकतीस. फळ्यावर मी लिहिलं, खडूचे दोन तुकडे झाले. पिझ्झा. व.सा.नी जेवणाआधी प्रार्थना केली, नेहमीसारखी, डोळे मिटून, छोटी. मग म्हणाले, "एकतीस जास्त म्हणजे फार नाहीत. पण आहेत."
मोहन: "इलेक्शन तू लढवतेयस की तो?"

१२ जून, सोमवार
आज व.सा. सगळे कागद पट्टी लावून ओळ न् ओळ वाचत बसले. मग सह्या गोळा करणाऱ्या आम्हा पाचही जणांना बोलावलं. "मागे सही केलीत त्यांनी एकदा ऐकावं." शपथ वाचली. या पानावरची प्रत्येक सही त्या त्या माणसानं स्वतः, माझ्यासमोर केली आहे.
स्वतः.
ते वाक्य मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचणं हा माझा धंदा. पण आमच्याकडे आईच्या नावापुढे बाबांचीच सही असायची. बँकेत, शाळेत, गॅसच्या पुस्तकावर. आईला विचारलं होतं का, असं कधी मनातही आलं नाही. पाडव्याला डोळ्यांसमोर घडलं आणि मला ते सही करणंच वाटलं.
कुणाला कळणार नव्हतं. पट्टी लावून व.सा.नासुद्धा कळलं नव्हतं. हे मी स्वतःला तीन वाजेपर्यंत सांगितलं. सव्वातीनला त्यांना सांगितलं.
"किती कागद?"
"तीन. मंडळातले."
"किती ओळी?"
"निम्म्या असतील. पण बाकीच्या खऱ्या आहेत, मी..."
त्यांनी पट्टी उचलली. तिन्ही कागदांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ. "शपथ पानाची असते मॅडम, ओळीची नाही."
राहिल्या तीनशे शहाऐंशी. चौदा कमी. हातात दोन दिवस.
मी म्हटलं, मी राजीनामा देते. ते घड्याळाकडे बघत होते. "उजेड साडेसातपर्यंत असतो. तुम्ही अजून बसलेल्या कशा?"

१३ जून, मंगळवार
पाय भरून आलेत. लिहायलाच हवं मात्र.
गाडी ईरानं घेतली. "मी फक्त ड्राइव्ह करते. आय ॲम नॉट सपोर्टिंग हिम." एसी फुल.
आधी पाटणकरकाका. भडकले. "खोट्या? माझ्या घरातल्या सह्या खोट्या?" मी म्हटलं, काका, तुमची खरी. इतरांच्या पण तुमच्याच हातच्या. काकांनी चपला घातल्या आणि आमच्या गाडीत पुढं येऊन बसले. फोनवर एकेकाला: "हो, परत. नाही, तू नाही तिच्यासाठी. तिनंच. तिला हाक मार. अरे बाबा, नाव, पत्ता, सही, सगळं तिनंच!" ईरा हसून हसून रस्ता चुकली.
लोक दारात येऊन सही करत होते. बायका, सुना. एकीच्या हाताला कणीक. एकीनं विचारलं, मी मराठीत केली तर चालेल? चालते. मी बघत उभी. प्रत्येक सही वेगळी दिसते, हे आज बघितलं.
वाटेत काकांचं स्वतःचं घर. मुलाची झाली, सुनेची झाली. काकूंनी सातव्या ओळीत नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सहीच्या चौकटीपाशी पेन थांबलं.
"हा शाळांचे पैसे कमी करा म्हणणाराच ना?"
काकू अकरा वर्षं प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत विनापगार पुस्तकं लावतात. हे मला माहीत होतं. मी विसरले होते.
मी म्हटलं, शाळांचा टॅक्स कमी करा म्हणतात, हो.
"मग नाही करत."
काका: "अगं, कर! एक सही तर आहे!"
"पाडव्याला तुम्ही केलीत तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आज ही उन्हातान्हाची विचारायला आलीय. तर मी उत्तर देते." पेनाला टोपण लावून मला परत दिलं. "सरबत घे. पोरीला पण दे."
ईरा दारातून: "काकू, यू आर माय हीरो."
मी सातव्या ओळीवर रेघ मारली. राग यायला हवा होता. आला नाही. सरबत मात्र दोन ग्लास प्यायले.

१४ जून
माझ्या बारा, व.सा.च्या सात. एकूण चारशे पाच. फिनिक्सला चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो. बाईंनी शिक्का मारला. ठप्प. एवढा छान आवाज.
परतताना सातव्या ओळीचं सांगितलं. व.सा.: "कुठं राहतात त्या?"

२० जून
व.सा. आणि पाटणकरकाकू, काकूंच्या ओट्यापाशी, दीड तास. भाषांतराला म्हणून मी, पण कुणाला गरज पडली नाही. व.सा.नी चकल्या चार खाल्ल्या. लायब्ररीत किती कपाटं, कुठली पुस्तकं फाटलीत, वहीत लिहून घेतलं. पण टॅक्सचं मत बदललं नाही. तसं स्पष्ट सांगितलंही. काकूंनीही बदललं नाही.
दारात मला म्हणाल्या, "माणूस बरा आहे गं. ऐकतो. पण ऐकून तेच करणार असेल तर?"
गाडीत व.सा.: "त्या समोरच्या पक्षाकडून उभ्या राहिल्या तर मी पडेन."

२८ जून, बुधवार
हरकत घ्यायचा शेवटचा दिवस. चारपर्यंत काही नाही. साडेचारला आली, कुरियरनं.
नऊ सह्यांवर हरकत. नऊच्या नऊ माझ्या. १३ जूनचा कागद. एकाच गल्लीतली माणसं, तीच तीच आडनावं, अक्षरही सारखं, एकाच हाताच्या असाव्यात, असं विरोधी उमेदवाराच्या वकिलांचं म्हणणं. सहा पडल्या तरी आम्ही चारशेच्या खाली. शुक्रवारी सकाळी नऊला कोर्ट, साक्षीला मी.
खोट्या होत्या त्या कुणी बघितल्याच नाहीत. खऱ्यांवर बोट. मी हसायला लागले, मग थांबता येईना. व.सा.नी पाणी आणून दिलं.
मग त्या कागदाची झेरॉक्स उजेडात धरून बसले. किती वेळ. पट्टी सातव्या ओळीवर. नाव आहे, पत्ता आहे, सही नाही, वर माझी रेघ.
"मॅडम, सगळ्या सह्या एकाच हाताच्या असत्या, तर ही चौकट रिकामी राहिली असती?"
मी फोनकडे धावलेच.
काकू: "येते की. काय विचारतील?"
"तुम्ही सही का केली नाहीत, ते."
पलीकडे कुकरची शिट्टी. "सगळं सांगू? कपाटांचं पण?"
व.सा.ना विचारलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, भर कोर्टात माझ्याविरुद्ध बोलणार आणि मला वाचवणार. सांगू द्या. सगळं.
"त्याला म्हणावं," काकू म्हणाल्या, "येतेय म्हणून मत देईन असं समजू नकोस. ते मी सप्टेंबरात बघेन."
सांगितलं. व.सा. उभे राहिले, आणि फोनसमोर टोपी काढली.
न्यायाधीश काय म्हणतील, कोण जाणे. झोप येणार नाही, नको पण आहे. शुक्रवारी साडेसातला निघायचं. गाडी काका चालवणार. काकूंची एकच अट: त्या बोलत असताना काकांनी बाहेर बसायचं.