सावलीच्या वजनावरून झालेलं भांडण

प्रिय धाकट्या,

ताईचे मूठ मूठ भरून आशीर्वाद. कंबर कशी आहे तुझी? दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून बघणाऱ्याची कंबर धरणारच. दंतवैद्य होऊ नकोस असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण थोरल्या बहिणीचं ऐकलं तर तो धाकटा कसला! तुझ्या बायकोला आठवण सांग. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत; मधले नऊ दिवस नव्हतो, आणि ते सांगायलाच हे पत्र.

तर बातमी अशी की तुझ्या भावोजींनी कादंबरी लिहिली आहे. हसू नकोस. ज्या माणसाने तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांशिवाय कशातही डोकं घातलं नाही, त्याने दुकानात गिऱ्हाईक नसताना, चार वर्षं, मला पत्ता लागू न देता, चक्क भयकादंबरी लिहिली! एका शहरात मांत्रिक शिरतो. तो माणसांच्या सावल्या कापून त्यांचा झगा शिवतो, आणि ज्याची सावली गेली तो हळूहळू नाहीसा होतो (आधी नखं, मग आवाज, मग लोकांच्या तोंडातलं त्याचं नाव). त्याच्यापुढे उभी राहते ती वेधशाळेतली एक बाई. जादू एकीकडे, विज्ञान एकीकडे. दहा प्रकरणांची वही माझ्यापुढे ठेवून हे लाजून चहा करायला गेले.

आता, अठ्ठावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईपुढे वही ठेवली की काय होतं, हे तिच्या नवऱ्याला कळायला नको? माझा हात आपसूक लाल पेनाकडे गेला. 'सावल्यांच्या ओझ्याने मांत्रिकाची पाठ वाकली' या वाक्याखाली मी लिहिलं, 'सावलीला वजन नसते. पुन्हा लिहा.' शेवटी सवयीने दहापैकी साडेतीन गुण दिले (अर्धा नुसता अक्षराचा) आणि सवयीनेच खाली 'पालकांची सही आणावी' असंही लिहून गेले.

यांनी शेरे वाचले. वही मिटली, दुकानात नेली. पुढचे नऊ दिवस घरात 'हो', 'नाही' आणि 'मीठ' एवढे तीनच शब्द. म्हटलं, येतील ताळ्यावर. दहाव्या दिवशी डबा विसरले म्हणून द्यायला दुकानात गेले, तर उघड्या खणात ती वही, सुट्या काट्यांच्या आणि स्प्रिंगांच्या ढिगाखाली. 'प्रकरण अकरावे' एवढं लिहून त्यावर काट मारलेली. चार वर्षं रे! पण माफी मागणं तुझ्या ताईला कधी जमलंय? मी भांडायलाच सुरुवात केली.

"तुमची ती वेधशाळेतली बाई मूर्ख आहे," मी म्हटलं. "मांत्रिक दारात आल्यावर हातातलं उपकरण टाकून कोण पळतं?"

यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "तू काय केलं असतंस?"

"नोंदी घेतल्या असत्या."

"मग घे," म्हणाले, आणि वही पुढे सरकवली.

मी तिथेच गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून अकरावं प्रकरण लिहिलं. माझी बाई पळत नाही. ती तापमापी टांगते आणि दर मिनिटाला आकडा लिहिते. बावीस. एकोणीस. अकरा. जे मोजता येतं त्याला भ्यायचं काय, असं स्वतःला बजावत ती तक्ता भरत राहते. पान संपतं, तक्ता पुढच्या पानावरही चालू राहतो, खुर्ची मात्र रिकामी असते. आणि त्या पानावरच्या नोंदी दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात. हे वाचून तुझ्या भावोजींनी, भर दुपारी, दुकानातला दुसरा दिवा लावला. धाकट्या, मला पदवीच्या वेळी पदक मिळालं होतं तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग काय! जादू त्यांची, विज्ञान माझं, असं करत दोन महिन्यांत कादंबरी पुरी केली. सावलीला वजन नाही ते नाहीच, पण मांत्रिकाची पाठ वाकते ती लाजेने, असं आमचं ठरलं (ही कल्पना त्यांची, आणि माझ्यापेक्षा चांगली). गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वाचनालयात वाचन झालं. अकरावं प्रकरण मी वाचलं, वर्गातल्या आवाजात. ग्रंथपालांच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला तेव्हा पुढची अख्खी रांग उडाली. आमचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना मी आजवर कशालाही दचकताना पाहिलं नव्हतं, ते खुर्चीमागे वळून आपली सावली जागेवर आहे का ते बघत होते! वाचन संपल्यावर एक प्रकाशक उठले आणि पुस्तक छापतो म्हणाले. तक्त्याचं प्रकरण कुणाच्या डोक्यातून आलं, असंही त्यांनी विचारलं. चारचौघांत कधी तोंड न उघडणारे तुझे भावोजी उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या हिच्या. ती नसती तर माझी वही खणातच राहिली असती." ती खणात कुणामुळे गेली होती हे त्यांनी सांगितलं नाही. अशा माणसाची मी बायको आहे, हे तुझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांग. तोंड उघडं असताना सांग, म्हणजे मधे बोलणार नाहीत.

तुझी,
ताई

ता. क. दुसऱ्या प्रकरणात जो बडबड्या दंतवैद्य सर्वांत आधी नाहीसा होतो, तो तू नव्हेस. योगायोग आहे.

ता. ता. क. अकराव्या प्रकरणाची मुद्रितं तपासायला आली आहेत. हे म्हणतात, तुझं प्रकरण तूच तपास. मी चारदा बसले आणि चारदा दुसऱ्या पानाशी उठले. शास्त्रीयदृष्ट्या याला काहीही कारण नाही. तरी शनिवारी सकाळी ये आणि पान उलटेपर्यंत शेजारच्या खुर्चीवर नुसता बसून राहा. माझी दाढ ठणकते म्हणून तू येतोयस असं यांना सांगितलंय, तेव्हा येताना तो छोटा आरसा आण.