सगळ्या चौकोनांत खूण

अहो, मी चिमीच्या शाळेत चाललेय. पानगळीच्या मेळाव्याला पालक काय मदत करतील, त्या फॉर्मवर तुम्ही सगळ्याच चौकोनांत बरोबरची खूण केलीत आणि खाली नाव माझं घातलंत. त्यामुळे कागदाची पानं कापण्यापासून शेवटच्या झाडलोटीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आज अकराला माझी नोकरीची मुलाखत होती, दोनदा सांगितलं होतं तुम्हाला. काल बाईंना नाही म्हणायला गेले, तर चिमी वर्गभर सांगत सुटलेली, ‘माझी आई सगळं करणार.’ मग कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मुलाखतीला येत नाही म्हणून कळवलंय. बाईंनी पुढच्या वर्षासाठीही माझंच नाव लिहून घेतलं. मुलाखतीसाठी इस्त्री केलेला माझा ड्रेस खुर्चीवर आहे. तेवढा कपाटात ठेवा, चिमीला दिसायला नको.