दगडावर तोफ कोरू नका

लिबिया,
१८ फेब्रुवारी १९४२

प्रिय पा,

तुम्हां दोघांना प्रेमाचा नमस्कार. मी बरा आहे. आईनं पाठवलेलं सुकं मांस पोचलं. आमच्या तुकडीनं अर्ध्या तासात त्याचा फडशा पाडला. हे पत्र डाकेनं न पाठवता रजेवर निघालेल्या याप स्टेनच्या हाती देतोय, म्हणजे वाटेत कुणी फोडणार नाही.

तुमचं पत्र मिळालं. आपल्या फ्लोरिसच्या स्मृतीचा दगड बसवायचा, त्यावर त्याची तोफ कोरायची, म्हणून तुम्ही तिचं चित्र मागितलंत. पोरानं शेवटपर्यंत तोफ सोडली नाही, असं चर्चमध्येही सांगितलंत. कॅप्टनसाहेबांनी तसं कळवलं असेल. ते सगळ्यांच्याच घरी तसं लिहितात.

आधी गाड्यांचं सांगतो. आपल्या देशात बनलेल्या या चिलखती गाड्या पळायला चांगल्या, पण त्यांच्या बंदुका म्हणजे नुसती फटफट. म्हणून इथं जो तो शत्रूकडून हिसकावलेली तोफ चढवतो. कुणी इटालियन, कुणी जर्मन. वरचा बुरूज काढायचा आणि तिथं ती बसवायची. दोन गाड्या सारख्या दिसतील तर शपथ!

फ्लोरिसची गाडी बिनतारी संदेशांची. आत यंत्रानंच सगळी जागा खाल्लेली. बिनतोफेची गाडी शत्रू लांबून हेरतो, म्हणून अशा गाडीला खोटी नळी लावतात. साधी, चारचौघींसारखी. फ्लोरिसला तीच खुपायची. "सगळ्यांच्या गाड्यांवर तोफा, मग माझ्या गाडीनंच काय घोडं मारलंय?" म्हणायचा. "तिच्यावर नुसती काडी खोचलीय!"

मग तारेच्या पडलेल्या खांबातून एक मोठी लाकडी तोफ तयार झाली. दोन दिवस रंधा, मग पॉलिशपेपर, मग रंग. हात लावल्याशिवाय कळू नये अशी. कुणी केली ते तुम्ही ओळखलं असेल, पा. तसा सांधा आपल्याच कारखान्यात बसतो. "टील, पांनी ही बघितली तर बैलगाड्या सोडून तोफाच करायला लागतील!" फ्लोरिस म्हणाला, आणि मी फुशारलो.

तेरा जानेवारीला सकाळी तीन गाड्या टेहळणीला गेल्या. पहिला गोळा फ्लोरिसच्या गाडीवर पडला. नंतर त्या गोळंदाजांतला एक जर्मन आपल्या हाती लागला. आपली भाषा त्याला निम्मीशिम्मी कळत होती. मी विचारलंच. तो म्हणाला, "सगळ्यांत मोठी तोफ त्या गाडीवर होती. म्हणून आधी तीच."

साधी नळी असती तर माझा भाऊ कदाचित वाचला असता. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

फ्लोरिस तोफेवर नव्हताच, पा. गोळा लागल्यावरही तो यंत्रावरून मागच्या दोन गाड्यांना सांगत होता, "मागे फिरा, पुढे येऊ नका!" त्या फिरल्या. त्यांतली सहा माणसं आज जिवंत आहेत. त्यांनीच मला हे सांगितलं.

दगडावर तोफ कोरू नका. चर्चमध्ये काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, आईला मात्र मीच सांगेन. उत्तर लिहा, नुसत्या शिव्या असल्या तरी लिहा. ते येईपर्यंत 'तुमचा मुलगा' असं लिहायला हात धजत नाही.

टीलमन