वाकळ आणि डोळ्यांचे थेंब

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. २० नोव्हेंबर १९५३

चि. सौ. पद्मजास,
श्यामलाचे अनेक आशीर्वाद.

आत्याबाई परवा सुखरूप पोचल्या. दिवाळीचा सव्वा महिना तुझ्याकडे राहिल्या आणि आल्यापासून घरात तुझ्याशिवाय दुसरं नाव नाही. सासू एक, सुना दोन, आणि कौतुक सगळं धाकटीच्या पदरात. मला राग येतो, तो लपवायचा तरी कशाला?

तीन वर्षं मी त्यांच्या काचबिंदूचे थेंब घालते आहे. दिवसातून चार वेळा, हात धुऊन, खालची पापणी ओढून, नळी डोळ्याला टेकू न देता; वर नाकाजवळचा कोपरा दाबून बसायचं. भावाच्या लग्नालासुद्धा माहेरी दोन दिवसांवर राहिले नाही. त्याचं मला काय मिळतं? झोंबतंय, कपाळ ठणकतंय, सगळं अंधारलंय. आणि तुझ्याकडे म्हणे लख्ख दिसत होतं! इतकं, की सुईत दोरा ओवून त्यांनी तुला जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिली. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, मला चिंधीला चिंधी जोडून दिली नाही. तुझ्या हाताला असा काय गुण आहे, तो मलाही शिकव की.

बंडूभाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पत्र टाकायचं थांबू नकोस.
तुझी जाऊ,
श्यामला

जयसिंगपूर
ता. २६ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. जाऊबाईंस,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उघडलं आणि शेजारीण विचारायला आली, मिरच्या कुठं भाजताय म्हणून! एवढं जळू नका. खरं सांगायचं तर मीच तुमच्यावर जळते. आत्याबाई बारा महिने तुमच्या, कपाटाच्या किल्ल्या तुमच्या, सणाला मान तुमचा. मी लांबची. सव्वा महिन्यात त्यांचं मन जिंकायचं तर कसं?

गुण-बिण काही नाही. दुसऱ्याच दिवशी त्या डोळे पुसत म्हणाल्या, पोरी, तुझ्या घरी तरी झोंबवू नको. मला बघवेना. बाटली फडताळात ठेवून दिली आणि नवं औषध म्हणून गुलाबपाणी घालत गेले. आठवड्यात त्यांना लख्ख दिसायला लागलं. मग ते जहाल औषध हवंच कशाला? हे तुम्हाला म्हणून सांगितलं. थोरल्या भाऊजींच्या कानावर घालू नका.

तुमची माया आहे तशी राहू द्या.
आपली,
पद्मजा

कोल्हापूर
ता. ४ जानेवारी १९५४

चि. सौ. पद्मजास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला खडसावायला हवं होतं. थेंब एक दिवसही चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच मला बजावलं होतं. ते मला पाठ होतं. तरी मी तुझं पत्र तांदळाच्या डब्यात दडवलं आणि जाऊन गुलाबपाणी घेऊन आले. मला वाकळ हवी होती.

आठवड्याच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "थोरले, तुझ्याबी हाताला गुण आला की." अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी चुलीपुढे बसून रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडी काढायला लावली आणि माझी वाकळ सुरू झाली. मग एकदा दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय म्हणाल्या. नंतर डाव्या कडेचे टाके वाकडेतिकडे जायला लागले. मला दिसत होतं गं. पण वाकळ निम्मी राहिली होती, म्हणून मी गप्प बसले.

गेल्या सोमवारी डावीकडे ठेवलेली घागर त्यांना दिसली नाही. अडखळून पडल्या. तशाच टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातला दाब भलताच वाढलाय म्हणाले. थेंबांनी बाहुली बारीक होते म्हणून अंधारल्यासारखं वाटतं, बंद केले की उजेड वाटतो. पण आतला दाब नजर कडेकडेनं खात येतो, आणि खाताना दुखतही नाही. झोंबत होतं तर मला येऊन सांगायचं, दुसरं काही बघितलं असतं, परस्पर बंद का केलंत, म्हणून ओरडले. गेली ती नजर आता परत नाही. राहिली ती थेंबांनी जन्मभर राखायची.

ह्यांनी विचारलं, थेंब चुकले होते का. मी हो म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही. तू न कळून केलंस, मी कळून केलं.
श्यामला

जयसिंगपूर
ता. ९ जानेवारी १९५४

ती. सौ. जाऊबाईंस शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. सुरुवात माझी होती, ते मी येऊन थोरल्या भाऊजींना सांगणार आहे. आत्याबाईंचे पाय धरायचे आहेत. माझी वाकळ पार्सलनं पाठवते आहे. ती अंगावर घेतली की झोप लागत नाही. तुम्हाला हवी होती, तुम्हीच ठेवा.

मला टाकू नका.
पद्मजा

कोल्हापूर
ता. १७ जानेवारी १९५४

चि. सौ. पद्मजास आशीर्वाद.

वाकळ पोचली. मलाही ती घेववत नाही, ट्रंकेत ठेवली आहे. तू ये, पण नुसतं रडायला येऊ नकोस. आलीस की दुपारचे थेंब तू घाल, बाकीचे मी घालीन. आत्याबाई आता झोंबलं तरी बोलत नाहीत, माझा हात घट्ट धरून ठेवतात.

काल त्यांनी माझी निम्मी वाकळ मांडीवर मागून घेतली. बोटांनी चाचपत चाचपत डाव्या कडेला आल्या आणि थांबल्या. विचारलं, "हे कुणी गं शिवलंय? समदं वाकडंतिकडं हाय."

मी म्हणाले, "मी."

त्या हसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असू दे. जमंल तुलाबी हळूहळू."

लवकर निघ. हे एकटीनं सोसवत नाही.
तुझी,
श्यामला