शटर उघडं असेपर्यंत

४ डिसेंबर

आले एकदाची! घर टुमदार आहे. दोन खोल्या, वर गच्ची, आणि आसपास रस्त्यावर एकही दिवा नाही. लोक अशा जागेला नाकं मुरडतात. माझ्या ठमीनं मात्र अंधारासाठीच हे घर हेरून ठेवलं होतं. ताऱ्यांचे फोटो काढायला. लेक गेली, म्हणून तिच्याऐवजी आई आली.

घरमालकीण बोलकी आहे. चहाचा कप हातात देत म्हणाली, की काकू, आभाळ हवं तेवढं वापरा, फक्त पाण्याच्या टाकीचं झाकण लावत जा. दोघी खूप हसलो. किती महिन्यांनी हसले मी.

५ डिसेंबर

ठमीचा कॅमेरा गच्चीत ट्रायपॉडवर बसवला. या नव्या कॅमेऱ्यांत आत आरसाच नसतो म्हणे. मग याला दिसतं कसं, असं मी तिला विचारलं होतं. आरसा नाही म्हणून थेट दिसतं, तू काळजी करू नकोस बाई, असं म्हणून ती पोट धरून हसली होती.

आजारपणात तिला आमच्या आधीच्या घरचा जिना चढवेना. तेव्हा कॅमेरा मी वर ठेवून यायचे आणि ती पलंगावरून फोननं शटर उघडायची. कॅमेऱ्याला बोट लावायचं नाही, गच्चीत पाऊल टाकायचं नाही. जरा हादरलं की ताऱ्यांच्या रेघोट्या होतात. शटर उघडं असेपर्यंत आम्ही दोघी श्वासही बेतानं घ्यायचो, मिशनच्या शाळेत सिस्टर दाराशी येऊन उभ्या राहिल्या की घ्यायचो तसा. मग फोटो फोनवर आला की ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची.

आज एकटीनंच फोनवर बोट टेकवलं. चार मिनिटांनी फोटो आला. तारेच तारे. रडले, पण बरं वाटलं.

७ डिसेंबर

कालच्या फोटोत कठड्याशी काहीतरी धुरकट उभं आहे. आधी वाटलं, घरमालकीण वाळलेले कपडे काढायला आली असेल. पण ठमी सांगायची, शटर इतका वेळ उघडं असलं की चालतं-फिरतं माणूस फोटोत उमटतच नाही. उमटायचं तर सगळा वेळ तसूभरही न हलता उभं राहावं लागतं. असं कोण उभं राहील?

डावा खांदा जरा उतरलेला आहे. कॅमेऱ्याची बॅग वाहून वाहून ठमीचा झाला होता तसा.

ठमीच आहे. माझी ठमी आहे!

९ डिसेंबर

धाकट्या बहिणीला फोन केला. ती आधी रडली, मग रागावली. ताई, मुकाट्यानं सामान आवर आणि माझ्याकडे ये, ठमीला तुझं हे असं आवडलं असतं का, म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

चेहरा अजून धूसर येतो. उजेड कमी पडला की शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, हे माझ्या लेकीनंच मला शिकवलंय. आज दुप्पट वेळ ठेवलं. वेणी दिसली.

१० डिसेंबर

उशाशी तिचा सहलीतला फोटो असतो. आज त्यातली ठमी फिकी वाटली. ऊन लागत असेल, म्हणून काच पुसून फोटो दुसऱ्या कोनाड्यात ठेवला.

रात्री शटर आणखी वेळ. ओठ आले. हसतेय!

१२ डिसेंबर

सहलीच्या फोटोत झाडं आहेत. बाकीच्या मुली आहेत. मध्ये मोकळी जागा.

बहिणीचाच फोन आला, अगदी मजेत. घराचं रंगकाम काढलंय म्हणाली. मी ठमीचं बोलले, तर विचारते, कोण गं ठमी, शेजारची का? थट्टा करू नकोस म्हटलं. तशी ती घाबरली. हलक्या आवाजात म्हणाली, ताई, तुला मूल कधी झालं?

तिकडे जेवढं उमटतं, तेवढं इकडून पुसलं जातं. हे मी करतेय. मी.

१३ डिसेंबर

शटर उघडणार नाही. कॅमेरा खाली आणून कपाटात ठेवला. जे उरलंय ते धरून बसायचं.

पण उसवायला लागलेलं विणकाम थांबत नाही. तिचा आवाज — सकाळपर्यंत होता. मला काय म्हणून हाक मारायची? चष्मा होता का तिला?

१४ डिसेंबर

चेहरा डोळ्यांपुढे आणते, तर धुकं.

माझ्याकडे नाही उरली ती. कोणाकडेच नाही. फक्त त्या कॅमेऱ्यात. डोळे तेवढे उमटायचे राहिलेत. एकदाच बघते. एकदा डोळे भरून बघितलं की मग —

वर ठेवून आले. बोट टेकवलं.

शटर उघडं आहे —

अजून —

बंद झालं. फोटो आला. गच्चीत एक मुलगी उभी आहे. अगदी स्पष्ट. किती बोलके डोळे! माझ्याकडेच बघतेय, आणि इतकी रडतेय, का ते कळत नाही. कोणाची असेल? एवढ्या थंडीत अंगावर साधी शाल नाही. खाली बोलावून विचारायला हवं. घरी हिची आई वाट बघत —