बाबांचे डोळे पास झाले

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (पत्रातून जेवढं ठेवता येतं तेवढं). तुझा गुडघा काय म्हणतो? जिना उतरतेस, की अजून वरूनच शेजारणीला हाका मारतेस? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबा दिवसभर एकतीस मजले वर क्रेनमध्ये असतात आणि मी खाली, त्यामुळे भांडायला वेळच मिळत नाही.

तू विचारलं होतंस, माझं काम नक्की काय. इथं चार रस्ते मिळतात त्या नाक्यावर चाळीस मजल्यांची इमारत होतेय. जागा एवढीशी, की मालाचा ट्रक अर्धा आत आणि अर्धा रस्त्यात उभा राहतो, आणि मागचे गाडीवाले हॉर्न मारून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी ट्रकपाशी उभं राहून वॉकीटॉकीवर बाबांना सांगायचं, उचला, डावीकडे, हळू, थांबा. आता मी आणि बोलायचं काम! शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायला माझं तोंड उघडायचं नाही, म्हणून वर्गात बसून गैरहजेरी लागायची, शेवटी आठवीत खरंच गैरहजर झाले. इथं जमतं, कारण माणूस समोर नसतं, वर असतं. पण डबा खाताना कुणी काही विचारलं की माझी मान खाली, म्हणून सगळे मला मुकी म्हणतात. (‘मुकीला विचार, माल कधी चढणार’ असं रोज चालतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.)

तर मागच्या महिन्यात सळ्यांचा भारा हवेत असताना माझ्या वॉकीटॉकीची बॅटरी मेली. अशा वेळी दोन्ही हात आडवे पसरायचे, की वरचा थांबतो, हे क्रेनवाल्याला झोपेतही कळतं. मी हात पसरले. बाबा थांबले नाहीत. मी उड्या मारल्या, हेल्मेट काढून हलवलं, जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले. भारा आपला सावकाश कुंपणावरून बाहेर, थेट बसथांब्याच्या वर. खाली पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या माना मोबाईलात. एका बाईनं तर सावली आली म्हणून पोराला तिथं सरकवलं. मग भारा आमच्याच जाहिरातीच्या फलकाला धडकला आणि धक्का कळला तेव्हा बाबांनी थांबवलं. फलकावर एक सुखी कुटुंब आहे, नव्या घराच्या बाल्कनीत हसणारं. त्यातल्या बापाचं मुंडकं उडालं. बाकीचे तिघं अजून हसतायत. साहेबांनी सगळं वाऱ्यावर ढकललं, मला एक जादा बॅटरी दिली, प्रकरण मिटलं.

घरी मी बाबांसमोर तीन बोटं धरली आणि विचारलं, किती? ते म्हणाले, सगळी आहेत ना हाताला, मग झालं. मोतीबिंदू आहे आत्या, दोन्ही डोळ्यांत. जवळून बघितलं की बुबुळावर दुधाचा थेंब सांडल्यासारखं दिसतं. त्यांना वर्षभरापासून माहीत आहे. ऑपरेशनला खाली उतरलो की त्या खुर्चीत दुसरा बसेल, आणि बसलेला कधी उठतो का, असं त्यांचं म्हणणं. मी रडायला लागले तर म्हणाले, “मला डोळे हवेत कशाला? माझे डोळे खाली उभे असतात.” हे ऐकून मला बरं वाटलं, हीच माझी चूक.

कारण मग डोळ्यांची तपासणी आली. दर सहा महिन्यांनी डॉक्टर येतो आणि ऑफिसच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावतो. या वेळी तो दोन दिवस आधीच लावून ठेवला होता. वॉकीटॉकी चार्जिंगला लावायला मीच तिथं जाते, तेव्हा तो कागदावर उतरवून आणला. बाबांकडून पाठ करून घेतला, सुलटा, उलटा, डावा डोळा झाकून, उजवा झाकून. (शाळेत मला सतराचा पाढा आला नाही, पण मास्तर म्हणून मी वाईट नाही.) बाबांनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हटली. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे! साहेबांनी तर चार तरुण पोरांना बोलावून बाबा दाखवले.

आणि खूश होऊन सोमवारचं काम बाबांना दिलं. खोलीच्या भिंतीएवढ्या काचा, थेट नाक्यावरून वर न्यायच्या, खाली वाहतूक चालू ठेवून. रस्ता बंद करायची परवानगी मिळायला महिना लागतो, आणि असे डोळे असताना रस्ता कशाला बंद करायचा, असं साहेब म्हणाले.

मी साहेबांना खरं सांगायला तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, काय गं, बॅटरी हवी का? मी मान डोलावली. आता माझ्याकडे पाच बॅटऱ्या आहेत. सोमवारी मी गेलेच नाही तर माझ्या जागी दुसरं कुणी उभं राहील, आणि वरच्याला दिसत नाही हे त्याला माहीतही नसेल.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक घे.

तुझी,
मुकी

ता. क. आत्या, तू आजारी पड. चांगली जबरदस्त. बाबांना फोन करून सांग, तोंड बघायचं असेल तर रविवारीच निघून ये. आई गेल्यापासून ते फक्त तुझंच ऐकतात. आले की डॉक्टरकडे ने, आणि डोळे उघडेपर्यंत सोडू नकोस. मीच फोन केला असता, पण आमचा फोन एकच, तो त्यांच्यापाशी, खोलीही एकच, आणि त्यांचे कान फार चांगले आहेत.

ता. क. २. एवढ्यात बाबा आले, काय लिहिलंस ते वाच म्हणाले. मी वाचलं, इकडे सगळं छान आहे, काळजी नसावी. खूश झाले, मीही सही करतो म्हणाले. पेन कुठं टेकवायचं ते मी बोट धरून दाखवलं, तरी सही वरच्या ता. क. वर आडवी गेली. तिथलं अक्षर लागलं नाही तर म्हणून परत लिहिते. आजारी पड. रविवारच्या आत.